मागची टिटवी काढ

एका जंगलात, जिथं नदी दोन वळणं घेते आणि तिसरं घ्यायचा कंटाळा करते, तिथं एक टिटवी राहायची. सगळे तिला टिटवीकाकू म्हणायचे.

मुलांनो, टिटवी तुम्ही पाहिली असेल. लांब पिवळे पाय, काळी टोपी, आणि आवाज असा की एकदा ओरडली तर तीन शेतं पलीकडचा बैलही मान वळवतो. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. टिटवी घरटं बांधत नाही. माळावर चार खडे गोळा करते, झालं घर. आता ज्या घराला भिंतच नाही, त्याला खिडकी कुठून असणार? आणि खिडकी नसली, तर बाईमाणसानं बघायचं कुठून?

म्हणून टिटवीकाकू दुसऱ्यांच्या खिडक्यांतून बघायच्या.

यात त्यांचा काही वाईट हेतू नसायचा हो. कुणाकडे काय शिजलं, कुणाचं पिल्लू रात्रभर खोकलं, कुणाचे पाहुणे जेवून गेले आणि कुणाचे नुसत्या पाण्यावर गेले, एवढंच त्यांना कळायला हवं असायचं. कळलं की त्या पिल्लाच्या खोकल्यावर अडुळशाचं पान पण त्याच घेऊन जायच्या. पान कुणाला आठवत नसे. डोकावणं सगळ्यांना आठवायचं.

काकूंच्या शेजारी बिळात सायाळवहिनी राहायच्या. त्यांची मुलगी शेवंती. शेवंती लग्नाची झाली होती. स्वभावानं लोण्यासारखी मऊ, अंगानं काट्यांनी भरलेली. सायाळच ती, काटे असायचेच. पण दोन स्थळं येऊन मोडली होती, आणि दोन्ही फोटोपायी.

त्याचं असं झालं. जंगलात हुप्पेराव नावाचा एक वानर होता. जांभळाखाली त्याचा फोटो स्टुडिओ होता. एकदा शहरातली माणसं सहलीला आली आणि जेवणाच्या डब्यांबरोबर एक भलताच डबा विसरून गेली. हुप्पेरावांनी तो उघडला. आत शिरा निघाला नाही, काच निघाली. काच बोलायला लागली.

"नमस्कार! मी हुशार डबा. फोटोत काय हवं, काय नको, नुसतं तोंडानं सांगा. मी करतो."

तेव्हापासून जंगलात कुणी जसं आहे तसं दिसेनासं झालं.

शेवंतीच्या पहिल्या फोटोत डब्यानं तिचे काटे कुणी न सांगताच गुळगुळीत केले. मुलाकडचे आले, दारात थबकले आणि म्हणाले, "फोटोत तर ही मऊ होती." दुसऱ्या फोटोत डब्यानं तिचे डोळे मोठे केले. तिकडची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोत हरीण, दारात सायाळ! कुणाला फसवता?" शेवंती त्या दिवशी बिळाच्या तळाशी जाऊन बसली ती दोन दिवस वर आली नाही.

तिसरं स्थळ टिटवीकाकूंनी आणलं. मुलगा नदीपलीकडचा. काकू रोज नदीवर जायच्या, पलीकडच्यांच्याही खिडक्यांतून बघायच्या. मुलगा आईला पाठीवर घेऊन पाणवठ्यावर नेतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तिथंच त्या आईशी बोलणं काढलं. आई म्हणाली, "फोटो पाठवा. सोमवारचा पारवा नदी ओलांडून येतो, त्याच्याबरोबर. त्याच्या पुढच्या पारव्याची मी वाट बघायची नाही. आणखी तीन घरांतून निरोप आलेत."

काकू उडत आल्या आणि सायाळवहिनींच्या दारात धापा टाकत उभ्या राहिल्या.

"वहिनी, असा मुलगा दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही!"

वहिनींनी त्यांना साखर दिली, पाणी दिलं. मग काटे जरा खळखळले. वहिनींना अवघड वाटलं की त्यांचे काटे असे खळखळायचे.

"काकू, एक बोलू का? फोटोला तुम्ही नका येऊ हां."

"मी? मी कशाला येतेय!"

"तसं नाही हो. पण शुभकार्य आहे. टिटवी दिसली, ओरडली, की लोक आपले काहीतरी... तुम्हाला ठाऊकच आहे."

काकूंना ठाऊक होतं. टिटवी ओरडली की अपशकुन, असं जंगलात सगळेच म्हणायचे. काकूंनी तोंडातली साखर चावली. ती एकदम रेतीसारखी लागली.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

आणि खरंच आल्या नाहीत. म्हणजे स्टुडिओत आल्या नाहीत. जांभळाच्या मागे जो मोठा दगड आहे, त्याच्या मागे आल्या. एका पायावर उभ्या राहिल्या. मग शेवंतीचा पदर सरळ आहे ना, एवढंच बघायला मान जराशी उंच केली.

खट्!

फोटो निघाला.

काचेवर फोटो आला आणि खुद्द सायाळवहिनी बघत राहिल्या. शेवंती अशी हसली होती की काटेसुद्धा फुलांसारखे दिसत होते. फक्त नाकावर एक माशी बसली होती. आणि मागे, दगडावरून, लांब मान काढून टिटवीकाकू बघत होत्या. डोळे असे वटारलेले, की जणू फोटो त्यांचाच होता आणि शेवंती मध्ये आली होती.

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! आल्याच का शेवटी!"

"घाबरू नका," हुप्पेराव म्हणाले. "आपला डबा कशाला आहे? डब्या, नाकावरची माशी उडव."

"अवश्य!" डबा म्हणाला. माशी उडाली. नाक स्वच्छ झालं. "आणि तुमची हरकत नसेल असं समजून मागे एक सुंदर धबधबाही घातला आहे."

खरंच, जांभळाच्या बाजूला धबधबा कोसळत होता.

"धबधबा बाकी छान दिसतोय," वहिनी म्हणाल्या.

"आता मागची टिटवी काढ," हुप्पेराव म्हणाले.

दगडामागे काकूंची मान खाली गेली. स्वतःच्या कानांनी ऐकलं त्यांनी. स्थळ त्यांनी आणलं, मुलगा त्यांनी निवडला, आणि आता 'मागची टिटवी काढ.' घोंगडी झटकावी तसं.

"आई, राहू दे ना काकूंना," शेवंती म्हणाली. "त्या नसत्या तर हा फोटो काढायची वेळ तरी आली असती का?"

"तू गप्प बैस. तुझ्याच भल्याचं चाललंय."

"अवश्य!" डबा म्हणाला. "टिटवी काढली आहे."

सगळ्यांनी वाकून बघितलं. दगडावर दोन टिटव्या होत्या.

आता मुलांनो, चूक डब्याची म्हणावी की आपल्या भाषेची? आपण डाग काढतो म्हणजे घालवतो, आणि चित्र काढतो म्हणजे आणतो. काटा काढतो तो बाहेर फेकायला, आणि रांगोळी काढतो ती दारात ठेवायला. घरातल्या पोरालाही हे बरोबर समजतं. डबा परगावचा होता.

"अरे, काढ म्हटलं ना!" हुप्पेराव ओरडले.

"क्षमस्व! तुमचं अगदी बरोबर आहे." आणि दगडावर तीन टिटव्या झाल्या.

"अरे गाढवा, काढ म्हणजे काढ! काढ, काढ!"

हा शब्द चारदा आला होता. डबा मोजण्यात पक्का होता. "अवश्य! आणखी चार काढल्या आहेत. मोठ्या उत्साहानं सांगितलंत, म्हणून दोन वरून दिल्या."

दगडावर नऊ टिटव्या झाल्या. एकीला तीन पाय होते. एकीची चोच धनेशाची होती. एक तर दगडातूनच उगवल्यासारखी दिसत होती. नऊच्या नऊ वहिनींकडे डोळे वटारून बघत होत्या.

वहिनींना भोवळ यायची बाकी राहिली. "अहो, हे लग्नाचं स्थळ आहे की टिटव्यांचं संमेलन? पुसा ते! नको असलेलं सगळं पुसून टाका!"

"अवश्य!" डबा म्हणाला. त्यानं क्षणभर विचार केला, आणि नको असलेलं म्हणून शेवंतीचे सगळे काटे पुसून टाकले.

नऊ टिटव्या तशाच. मध्ये धबधब्यासमोर एक मोठा, गुळगुळीत, हसरा उंदीर.

शेवंतीनं काचेकडे बघितलं. तिनं पदर डोक्यावरून खाली ओढला, अगदी नाकापर्यंत.

"जुना फोटो परत आणा हो," वहिनी रडवेल्या झाल्या.

हुप्पेराव डोकं खाजवत म्हणाले, "जुना आता कुठून आणू? नवा होत जातो तसा जुना जातच असणार."

"मग दुसरा काढा!"

"आता सूर्य समोरून आला, वहिनी. काळीकुट्ट येईल पोरगी."

वर फांदीवरून पारवा म्हणाला, "मला अंधाराच्या आत नदी ओलांडायचीय. द्यायचं असेल तर आत्ता द्या. नाहीतर मी चाललो."

तेव्हा दगडामागून आवाज आला. "जुना कुठं जात नाही. तिथंच असतो. खाली."

सगळ्यांनी वळून बघितलं. टिटवीकाकू होत्या. खऱ्या. एकच.

"काकू! तुम्ही कधी आलात?" वहिनींनी विचारलं. काटे खळखळले.

"मी गेलेच कधी होते?" काकू म्हणाल्या. त्या वहिनींकडे न बघता सरळ डब्याजवळ गेल्या. "हुप्पेराव, मागच्या महिन्यात तुम्ही सशाचा फोटो करत होतात. डब्यानं त्याला तिसरा कान दिला. तुम्ही फणस खात होतात."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"खिडकी होती तिथं. तुम्ही गऱ्याचा चिकट हात तसाच काचेवर फिरवलात. जिथं हात फिरला, तिथला तिसरा कान गेला आणि मागचं गवत आलं. तुम्ही म्हणालात काच बिघडली, आणि सदऱ्याला हात पुसून परत तिसरा कान घालून दिलात. ससा अजून तोच फोटो दाखवतो सगळ्यांना."

हुप्पेराव सदऱ्याकडे बघायला लागले.

"डबा खालच्या फोटोला हात लावत नाही," काकू म्हणाल्या. "दुधावर साय धरते ना, तसा तो नुसती वरून साय धरतो. जिथली साय नको, तिथली तेवढी सारायची. खाली दूध आहेच."

"काय रे डब्या, खरं का हे?"

"अगदी खरं," डबा म्हणाला. "तशी सोय पहिल्यापासून आहे. कुणी विचारलं नाही."

काकूंनी पंखातलं एक मऊ पीस ओढून काढलं. ते चोचीनं ओलं केलं आणि काचेवर फिरवायला लागल्या. शेवंतीच्या पाठीवरून पीस गेलं. काटे एकेक करून उगवले, तिचेच, ओळखीचे. शेवंतीनं पदर एका डोळ्यावरून वर केला.

"नाकावर नका हं फिरवू," वहिनी घाईनं म्हणाल्या. "माशी परत येईल."

"मला कळतं, वहिनी. जिथं चांगलं झालंय तिथं कोण हात लावेल!" काकूंचं पीस धबधब्याकडे वळलं.

"अहो, धबधबा राहू द्या की!"

"वहिनी, ती माणसं नदीकाठची आहेत. त्यांना नाही का कळायचं, धबधबा कुठं आहे न् कुठं नाही?"

धबधबा आटला. मग काकू टिटव्यांवर आल्या. तीन पायांची गेली. धनेशाच्या चोचीची गेली. काकू प्रत्येकीला जाताना काहीतरी बोलायच्या. "तू नीघ. तुझा तर पायच उलटा आहे. आणि तू गं, पोट केवढं तुझं! माझं आहे का एवढं?" हसू नको म्हटलं तरी शेवंती हसली. वरून पारवाही हसला.

आठ गेल्या. नववी उरली.

काकूंनी तिच्यावर पीस फिरवलं. ती गेली नाही. परत ओलं केलं, परत फिरवलं. पीस वाकलं, मोडलं. टिटवी तिथंच, मान लांब, डोळे वटारलेले.

हुप्पेराव वाकून बघत म्हणाले, "काकू, ती निघायची नाही. ती सायीतली नाही. ती दुधातली आहे."

काकूंनी मोडलेलं पीस खाली ठेवलं.

"मग असं करा," त्या म्हणाल्या. त्यांचा तीन शेतं पलीकडे जाणारा आवाज शेवंतीलाही नीट ऐकू येईना. "डब्याला म्हणावं, माझ्यावर एक दगड काढ. काढ म्हणजे काढतोच तो. हे काम त्याला बरोबर जमेल. पोरीचं व्हायला पाहिजे बाकी."

"दगड काढू?" डब्यानं उत्साहानं विचारलं.

वहिनींनी काचेकडे बघितलं. फोटोतल्या काकूंकडे बघितलं, मग समोरच्या काकूंकडे. समोरच्या काकूंच्या पंखातल्या एका पिसाची जागा रिकामी होती.

"नको," वहिनी म्हणाल्या. "दगड एक पडलाय तेवढा पुरे. माझ्या अकलेवर. पारव्या, असाच घेऊन जा फोटो."

"आणि अपशकुन?" काकूंनी विचारलं.

"होईल ते होईल. तुम्ही तरी काय, जरा वाकून उभं राहायचं होतं की नाही!"

"वाकले असते तर पदर कसा दिसला असता?"

पारवा फोटो घेऊन उडाला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. वहिनींना जेवण जाईना. शेवंती म्हणायची, "नाही झालं तर नाही झालं," आणि दर घटकेला नदीकडे बघून यायची. काकू तर या दोन दिवसांत कुणाच्याही खिडकीत गेल्या नाहीत. जंगलात चर्चा सुरू झाली की टिटवीकाकू आजारी आहेत की काय.

गुरुवारी मुलाकडचे आले. मुलगा होता, आणि त्याच्या पाठीवर आई होती. आई खाली उतरली. तिनं चिपळ्यांसारखे काटे वाजवले, शेवंतीला खालपासून वरपर्यंत बघितलं, फोटो काढून बाजूला धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"ही मागची कोण?"

वहिनींचे काटे असे खळखळले की छपरावरची माती पडली. काकू करवंदाच्या जाळीत होत्या. लपायचं की निघायचं, त्यांचं ठरेना. शेवटी निघाल्या.

"मी," काकू म्हणाल्या. "चूक माझी आहे. पोरीला काही म्हणू नका. तिला माहीतही नव्हतं."

"पाणवठ्यावर बोललीस ती तूच ना?"

"मीच."

"बरं झालं." मुलाच्या आईनं बैठक मारली. "बाई गं, या वर्षात मी एकोणीस मुलींचे फोटो बघितले. एकोणीसच्या एकोणीस धबधब्यासमोर उभ्या. एवढे धबधबे असते तर आमची घरं वाहून नसती गेली? बघायला जावं तर फोटोतली कुणी घरातच नसायची. हा विसावा. ह्यात मुलीला काटे आहेत, आणि मागं शेजारीण डोळे फाडून बघतेय. मी तिथंच ह्याला म्हटलं, चल, हा खरा आहे. जगातल्या कुठल्याही डब्याला अशी शेजारीण स्वतःहून सुचायची नाही."

"पण टिटवी म्हणजे अपशकुन..." वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"आमच्याकडं टिटवी ओरडली की म्हणतात, कुणीतरी जागं आहे, आता झोपा." मुलाच्या आईनं फोटो कनवटीला लावला. "चहा टाका."

मुलानं शेवंतीकडे बघितलं. शेवंतीनं मुलाकडे बघितलं. दोघांचे काटे एकदम खळखळले, आणि लग्न ठरलं.

बातमी जंगलभर झाली. ती कुणी केली, हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या माळावर रांग लागली. "काकू, आमच्या मुलीच्या फोटोत जरा डोकावता का?" "काकू, आमच्या मुलाच्या मागे पाच मिनिटं उभ्या राहा. डोळे तेवढे वटारा." ज्यांनी आयुष्यभर काकूंना पाहून खिडक्या लावून घेतल्या, ते आता खिडक्या उघडून हाका मारू लागले. काकू एकट्या किती ठिकाणी पुरणार? मग लोक पुन्हा हुप्पेरावांकडे गेले.

पहिला नंबर कोल्ह्याचा लागला. दोन पट्ट्यांचा कोट घालून, शेपूट विंचरून तो जांभळाखाली उभा राहिला. फोटो निघाला. कोल्हा म्हणाला, "आता मागे एक टिटवी काढ."

पण मुलांनो, मधल्या दिवसांत हुप्पेराव स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी डब्याला रोज सकाळी समोर बसवून पाढ्यासारखं घोकायला लावलं होतं. काढ म्हणजे घालव. काढ म्हणजे घालव. काढ म्हणजे घालव.

"अवश्य!" डबा म्हणाला. त्यानं घालवायला टिटवी शोधली. मागे टिटवी नव्हती. पण सांगितलेलं काम तर करायलाच हवं. फोटोत जो होता, त्याला त्यानं घालवलं.

काचेवर नुसतं जांभळाचं झाड राहिलं.

साय सारून खालचा कोल्हा परत आणता आला असता. पण कोल्ह्यानं झाडाकडे बघितलं, मान तिरकी करून परत बघितलं आणि म्हणाला, "असू दे. असाच पाठवा."

त्या वर्षी सगळ्यांत जास्त होकार त्या फोटोला आले.

शेवंतीच्या लग्नात वहिनींनी काकूंना हाताला धरून पुढे आणलं, अगदी मधोमध, नवरा-नवरीच्या शेजारी उभं केलं. हुप्पेराव म्हणाले, "हं, हसा!" काकू ताठ उभ्या राहिल्या, चोच मिटली, नजर समोर. फोटो बघून कुणालाच त्या ओळखू येईनात. शेवंती म्हणाली, "ह्या आमच्या काकू नव्हेतच."

तेव्हा काकू सुटल्यासारख्या मागे गेल्या. दगडाआड एका पायावर उभ्या राहिल्या. आणि मान जराशी उंच केली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असं सगळी पुस्तकं सांगतात. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या मुलींची लग्नं बहुधा होऊन गेलेली असतात. ज्यांची व्हायची आहेत, त्यांनी डोकावणाऱ्या शेजारणीला घराबाहेर काढू नये. तिला काढायचंच असेल, तर फोटोत काढावं.